कडेवरून खाली

मोरेश्वर सरांनी कऱ्हाडच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली. पोटात दुखतंय, पाय मुरगळलाय, आईने पळू नको सांगितलंय, असली एकही सबब त्यांच्या मैदानावर कधी चालली नाही. पोरगा रडला तर रडत रडत फेरी पूर्ण करायचा आणि मगच बसायचा. असा हा माणूस सत्तरीला टेकल्यावर अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गला मुलाकडे राहायला आला, आणि पाच महिन्यांच्या नातीने त्याचं पार लोणी करून टाकलं.

इला कुरकुरली की उचल, जांभई दिली की उचल, झोपली तरी खांद्यावरच. बाहेर बर्फ होता, तेव्हा बिल्डिंगच्या लांबलचक कॉरिडॉरमधून त्यांच्या फेऱ्या चालत. एकदा ते इलाला न घेता एकटेच टपाल आणायला खाली गेले, तर रोज हात हलवणाऱ्या शेजारणीने त्यांना ओळखलंच नाही. हे त्यांनी घरी कौतुकाने सांगितलं. त्यात आपल्याला चिडवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नाही. त्यांची बायको शुभा मात्र आठवडाभर त्यावर हसत होती.

दोष एकट्या त्यांचा नव्हता. त्यांच्याआधी बाळंतपणाला सुनेची, म्हणजे रेणूची, आई येऊन गेली होती. तिनेही पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. परदेशातलं नातवंड वाट्याला येतं ते सहा महिने, पाळीपाळीने. तेवढ्यात त्याला जमिनीवर कोण ठेवणार?

नऊ महिन्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी इलाला टेबलावर बसवून हात काढून घेतला आणि ती कलंडली. पोटावर ठेवली तर तिने असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेले मोरेश्वर सर उठून आत आले. रांगणं सोडाच, तिला पुढे सरकायचंही ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं आज तरी काही दिसत नाही, पण घरी येऊन व्यायाम शिकवणारी थेरपिस्ट लावा. 'आज तरी' हे दोन शब्द रेणूच्या डोक्यातून जाईनात. ऑफिसचे कॉल म्यूट करून ती फोनवर नको नको ते वाचत बसायची.

"काही होत नाही," मोरेश्वर सर म्हणाले. "मुलांचं शरीर मला कळतं. हिचे पाय बघ, धावपटूचे पाय आहेत."

थेरपिस्ट आली ती मराठीच निघाली. सलोनी तिचं नाव, आईवडील नागपूरचे, जन्म इथलाच. तिने इलाचे हात, पाय, मान, पाठ सगळं तपासलं. मग तिने इलाला गालिच्यावर पोटावर ठेवलं. इलाने तोंड वाकडं केलं, आणि रडू फुटायच्या आत आजोबांनी तिला वरच्या वर उचललं.

सलोनी हसली. "काका, शी इज स्ट्राँग. मसल्स एकदम ओके आहेत. पण तिने का मूव्ह करायचं? तिची राइड नेहमी रेडी असते."

"कसली राइड?"

"तुम्ही. शी हॅज अ फुल-टाइम ड्रायव्हर. तिला फ्लोअरवर ठेवा, काका. रोज. थोडं रडू दे."

शुभाबाई खदखदून हसल्या. रेणूने मान खाली घातली, कारण सासऱ्यांना हे सांगायचं कित्येक दिवस तिच्या ओठांवर होतं. मोरेश्वर सरांना मात्र कुणीतरी भर मैदानात शिट्टी हिसकावून घेतल्यासारखं झालं. दोन दिवस त्यांनी इलाला हात लावला नाही आणि टीव्हीसमोर फुगून बसून राहिले. इला त्यांच्याकडे बघून हात पसरायची, आणि ते बातम्या बघायचे. त्या बातम्यांतलं एक अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

पुढच्या खेपेला सलोनीने त्यांना सोफ्यावरून उठवलं. "काका, तुम्ही पण खाली या. पोटावर. तुमचा फेस तिच्या लेव्हलला पाहिजे."

गुडघ्यांनी संप केल्याला बरीच वर्षं झाली होती. तरी सोफ्याला हात, मग टीपॉयला हात, असं करत ते खाली उतरले आणि गालिच्यावर पालथे पडले. इला रडायचं विसरली. हा एवढा मोठा डोंगर आपल्यासमोर आडवा कसा झाला हे बघायला तिने मान वर केली, कोपरं टेकली आणि छाती उचलून धरली. मग ती हसली.

झालं, सरांचा वर्ग भरला. रोज सकाळी दूध पिऊन थोडा वेळ गेला की आजोबा आणि नात समोरासमोर पालथे. "मान वर. छाती वर. शाब्बास." आठवड्याभरात इला हात सोडून बसू लागली. मग तिने सरकायला सुरुवात केली, पण मागे. समोर ठेवलेल्या लाल चेंडूकडे बघत बघत ती उलटी जायची आणि सोफ्याखाली अडकायची. "मागे तर मागे," सर म्हणायचे, "गाडी सुरू तर झाली."

पण पुढे काही ती जाईना. चेंडू तिच्या हाताच्या जरा पलीकडे ठेवायचा आणि वाट बघायची, असं सलोनीने बजावलं होतं. इला हात लांब करायची, पोहोचायचा नाही, मग रडायची. आणि दर वेळी थोड्या वेळाने चेंडू तिच्या हातात दिसायचा. शुभाबाईंना संशय आला. एक दिवस त्या भाजीची जुडी हातात घेऊन दाराआड उभ्या राहिल्या, तर सर बोटाने चेंडू हळूच पुढे ढकलताना रंगेहाथ सापडले.

"अहो, कऱ्हाडच्या पोरांनी हे बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रेणूही कॉल सोडून बाहेर आली.

मोरेश्वर सर उठून बसले. विनोदाने वेळ मारून न्यावी असं त्यांना एकदा वाटलं, पण नाही जमलं. "महिन्याअखेर आम्ही जाणार," ते म्हणाले. "मग ही त्या डे-केअरमध्ये जाणार. तिथे हिला कडेवर कोण घेणार आहे? मी आहे तोवर तरी हिला हवं ते मिळू दे की. मला हिचं रडणं सोसत नाही. हसायचं तर हसा."

कुणी हसलं नाही. रेणू त्यांच्यासमोर खालीच बसली. सासऱ्यांशी ती असं कधी बोलली नव्हती. "बाबा, म्हणूनच तर हिला खाली ठेवायचं. डे-केअरमध्ये एका बाईकडे चार-चार बाळं असतात. ही रडली तर त्या येतील, पण लगेच नाही येणार. बाकीची पोरं खेळण्याकडे जातील आणि ही बसल्या जागी हात पसरून वाट बघेल. मला तेच चित्र दिसत राहतं. हिला स्वतःचं स्वतः जाता आलं ना, तर मला ऑफिसमध्ये श्वास घेता येईल."

ते चित्र आता सरांनाही दिसलं, आणि कऱ्हाड सोडून शिकागोपर्यंत आलेला त्यांचा सगळा रुबाब त्यापुढे फिका पडला. "चेंडू आण," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी लबाडी केली नाही. इला रडायची तेव्हा ते दोन्ही हात स्वतःच्या छातीखाली दाबून धरायचे आणि तिच्याशी बोलत राहायचे. हात काही बाहेर निघाले नाहीत.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी शुभाबाई स्वयंपाकघरात लाडू वळत होत्या. इला पालथी होती, चेंडू समोर होता, आजोबा त्याच्या पलीकडे. इलाने चेंडूकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि दोघांवरचं लक्ष काढून घेतलं. तिला भाजलेल्या बेसनाचा वास आला होता. तिने एक गुडघा पोटाखाली घेतला, मग दुसरा, जरा डुलली आणि निघाली. आजोबांच्या कानाजवळून, खांद्याला घासून पलीकडे गेली. त्यांनी हात पुढे केला असता तर पाय सहज हाती लागला असता. ती दारापर्यंत गेली, तिने मागे वळून पाहिलंही नाही.

सरांना उठून सगळ्यांना बोलवायचं होतं. पण गुडघे उठू देईनात. मग ते तसेच पडून, मान वळवून, डायपरमधलं ते इवलंसं बूड लांब जाताना बघत राहिले. वाईट वाटत होतं आणि जन्मात वाटला नव्हता एवढा अभिमान वाटत होता.

आत शुभाबाईंच्या हातून लाडू निसटला. "अगं बाई, आली की गं माझी सोनी. दमलीस ना? ये, ये," म्हणत त्या वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

बाहेरून, जमिनीवरून, कऱ्हाडच्या मैदानावरचा आवाज आला.

"शुभा, उचलू नकोस. रांगू दे तिला."