चाकातला बैल

ईश्वरप्पांचं तरुणपण बापाच्या बैलगाडीवर गेलं आणि पुढचं आयुष्य उदगीरच्या मोंढ्यात धान्याची मापं टाकण्यात. त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. सायकल म्हणजे त्यांच्या लेखी बैलगाडीचीच धाकटी बहीण.

त्या सायकलला गेल्या दिवाळीत मोटर बसली. नांदेडला रेल्वेत असलेल्या मुलानं, शिवशंकरनं, सामान पाठवलं आणि बसस्टँडमागच्या मल्लेशनं ते जोडून दिलं. मागच्या चाकाच्या मधोमध तव्याएवढी मोटर. हँडलची मूठ पिळली की चाक आपणहून पळायला लागे. तेव्हापासून ईश्वरप्पा मीठ आणायला म्हणून निघत, किल्ल्याला वळसा घालत आणि मीठ विसरून हसऱ्या तोंडानं घरी येत.

पण ही नुसती हौस नव्हती. मनात एक बेत होता. त्यांची बायको बसम्मा गुडघ्यांमुळे घरी बसली होती आणि काही वर्षं येळवसला शेतात गेली नव्हती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येला अख्खं उदगीर शेताकडं लोटतं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील होते, आणि त्या दिवशी घरी राहिलेल्या माणसाला आपण वस्तीत विसरून राहिलेल्या भांड्यासारखे आहोत असं वाटतं. पुतण्या अमरेशकडं कार होती. पण कार नाल्याच्या अलीकडंच थांबे. पुढं ज्वारीतून जाणारी चाकोरी, नाला आणि नाल्यापलीकडचा चढ. अमरेशनं एकदा सुचवलं होतं, "काकू, बाजंवर बसवून चौघं उचलून नेतो की."

"जित्तेपणी मला चौघांनी उचलायचं न्हाई," बसम्मानं सांगितलं होतं, आणि बाजेचा विषय तिथंच मिटला होता.

यंदा तिला सायकलच्या मागं बसवून न्यायचं, असं ईश्वरप्पांनी ठरवलं. सण जवळ आला तसं त्यांनी सायकल अंगणात उलटी केली. त्यांचे वडील येळवसला गाडी जुंपण्याआधी आखाला वंगण लावत. बैलांच्या शिंगांना तेल, आखाला वंगण, मग माणसांना आंघोळ, असा घरचा क्रम होता. ईश्वरप्पांनी चाक सोडवलं आणि आखाच्या दोन्ही टोकांना, आख ज्यांत बसतो त्या चिमट्याच्या खाचांना, वायसरांना, नटांना ग्रीस माखलं. लाडू वळताना तूप लावावं तसं.

चाक परत बसवून नट आवळले. उरल्या दोन लोखंडी पट्ट्या. मल्लेशनं त्या आखाच्या टोकांवर घालून दुसऱ्या बाजूनं सायकलच्या दांडीला आवळल्या होत्या.

"ह्या कशाच्या हो अप्पा?" सून अंबिकानं विचारलं.

"मल्लेशची खामखा कलाकारी. गाडीच्या आखाला कधी पट्टी बघितलीस का? आख जागच्या जागी राहतो, फिरतं ते चाक. चाक निघू नये म्हणून टोकाला खीळ. हितं नट हाय. झालं."

दारावरून भंगारवाला चालला होता. पट्ट्या त्याच्या पोत्यात गेल्या.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. बसम्मा गादी बांधलेल्या कॅरिअरवर बसली, पदर खोचला, नवऱ्याचा सदरा मुठीत धरला. गल्ली संपेपर्यंत सगळं छान चाललं. चौबाऱ्याकडच्या चढाला ईश्वरप्पांनी मूठ पुरती पिळली. चाकातून दात खाल्ल्यासारखा कडकड आवाज आला, सायकलनं एक हिसका दिला आणि ती मेली. आख खाचेत गरगरला होता. त्याच्या पोटातून येणारी वायर त्याच्याभोवती वेणीसारखी गुंडाळली जाऊन तुटली होती.

पडलं कुणी नाही. पण पानटपरीवरची सगळी माणसं बघत होती. बसम्मा उतरली, पदर सारखा केला आणि भिंतीचा आधार घेत घराकडं चालू लागली.

"अगं, जरा सबूर!"

"तुमी अन् तुमची गाडी सबूर करा. मी यंदाबी घरीच बरी."

ईश्वरप्पांना सायकलीपेक्षा ते "यंदाबी" जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सायकल ढकलत मल्लेशकडं निघाले, तर बसम्मा ऑटो थांबवून आधीच आत बसलेली. "तो काय सांगतो ते मला ऐकायचंय. तुमी घरी येऊन सांगाल ते वेगळंच असल."

मल्लेशनं वायर जोडली, आखाकडं बघितलं, बोट फिरवलं, ग्रीस नाकाला लावून बघितलं. "अप्पा, हे कुणी केलं?"

"वंगण हाय. चाकाला लागतंय."

"आत लागतंय. जितं पकड पाहिजे तितं न्हाई. अन् माझ्या पट्ट्या?"

ईश्वरप्पांनी भंगाराऐवजी बैलगाडीची गोष्ट काढली. मल्लेशनं वाद घातला नाही. त्यानं चाक सोडवून, वायर तशीच जोडलेली ठेवून जमिनीवर आडवं ठेवलं, टायर दोन्ही गुडघ्यांखाली दाबला आणि आखाच्या चपट्या कडांवर पाना बसवून ईश्वरप्पांच्या हातात दिला. "तुमी म्हणता ना आख जागच्या जागी राहतो? मग धरून ठेवा. अव्वा, तेवढी मूठ पिळा. हळू हं."

बसम्माच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नव्हती. तिनं मूठ हळू पिळली नाही.

पाना ईश्वरप्पांच्या हातातून सुटला आणि नडगीवर बसला. मल्लेशच्या दुकानात हसायला मनाई नव्हती.

नडगी चोळत ईश्वरप्पा त्या मोटरीवर वाकले. मग हळूच म्हणाले, "गाडीचा बैल बाहेर राहतो. ह्याचा बैल आत हाय. आखाला पाय रेटून चाक ढकलून राहिला."

"बराबर," मल्लेश म्हणाला. "चाक म्होरं, आख मागं. नट एकटा किती धरल?"

"मग बांधा की त्याला!" बसम्मा म्हणाली. मूठ अजून तिच्याच हातात होती, म्हणून दोघंही लगेच हो म्हणाले.

मल्लेशकडच्या तयार पट्ट्या आखावर सैल बसत होत्या. इथं मात्र मोंढ्यातला मापाडी जागा झाला. ईश्वरप्पांनी जाड लोखंडी पट्ट्या कापून घेतल्या, भोक लहान ठेवायला लावलं आणि आपल्या हातानं कानस मारत बसले. दोन वेळा घासायचं, आखावर घालून बघायचं, परत घासायचं. पट्टी बसावी, पण हलू नये.

"तुमच्या बापानं आपलं लगीन जुळवायला एवढा वेळ लावला न्हवता," बसम्मा स्टुलावरून म्हणाली.

"म्हणूनच तर खडखड चालू हाय."

पेट्रोलच्या फडक्यानं ग्रीस पुसलं. दोन्ही बाजूंना पट्ट्या चढल्या, त्यांची दुसरी टोकं दांडीला पक्की आवळली. नट बसले. बसम्मानं प्रत्येकाला बोट लावून बघितलं. येळवसला येते की नाही, ते मात्र सांगितलं नाही.

येळवसच्या सकाळी ती अमरेशच्या कारमध्ये बसली आणि ईश्वरप्पा कारमागून धूळ खात सायकलवर आले. नाल्यापाशी कार थांबली. बाकीची माणसं आंबिलीनं भरलेली बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं गेली. बसम्मा उतरली, चाकोरीकडं बघितलं, सायकलकडं बघितलं.

"पाना आणलाय?"

"आणलाय."

"माझ्याकडं द्या."

ती मागं बसली. नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या चढावर ईश्वरप्पांनी मूठ पिळली आणि त्यांच्या पाठीवर पान्याचं टोक टेकलं. मोटर कण्हली. मागचं चाक मातीत जरा फिरलं, मग त्यानं जमीन धरली. दोन्हीकडची ज्वारी मागं सरकू लागली आणि कोपीपाशी बायकांचा एकच गलका उठला.

"आली बाई, आली!"

पूजा झाली. ईश्वरप्पांनी भज्जीचा पहिला घास मोडला तेवढ्यात शेजारच्या शेतातली गुणाबाई नाल्याच्या कार थांबली होती त्या काठावरून ओरडली, "ए बसम्मा, तुझ्या मालकाला पाठव की! माझेबी गुडघे गेलेत!" तिच्यामागं साखराबाई उभी. साखराबाईच्या मागं आणखी कुणीतरी.

ईश्वरप्पांनी ताटाकडं बघितलं, मग बायकोकडं. बसम्मा केव्हाच उठून सायकलपाशी गेली होती आणि नटांना पाना लावून बघत होती.

ईश्वरप्पा नाला ओलांडून पोचले, तशी गुणाबाई कॅरिअरवर बसताना कचरली आणि कोपीकडं ओरडली, "पाडणार न्हाई ना गं हे?"

"आखाची हमी माझी," बसम्मानं कोपीपासून हाक दिली. "माणसाची न्हाई. घट्ट धर."