झोडणीचा हात

दिवाळीनंतर भात घरात आलं की आमच्या गावात क्रिकेटचा मोसम सुरू होतो. कापलेल्या खाचरातली धसकटं काढून, पाणी मारून, चोपून पीच तयार करतात. शेजारच्या खाचरात आमचे वाल असतात. मी खुरपं घेऊन तिथे बसते. निंदणी कमी, बघणं जास्त. मैदानाच्या कडेला बायकांत जाऊन बसायची मला लाज वाटते. वालात बसलं की कोणी काही विचारत नाही.

मला बॅटिंगपेक्षा बॉलिंग आवडते. सिक्सर कोणालाही दिसतो. बॉलरला मात्र तो पळत येतो तिथपासून बघावं लागतं. पहिल्या दोन-तीन मॅचना कोणाचाच टप्पा ठिकाणावर नसतो. नेरळला नोकरीला जाणाऱ्यांना दम लागतो, शेतात राबणाऱ्यांचे खांदे भरलेले असतात. म्हणून सुरुवातीला मी कोणाला नावं ठेवत नाही.

यंदा मात्र आमच्या घरावरच पाळी आली. आमचे हे चाळिशीचे. गावाची पहिली ओव्हर लग्नाआधीपासून त्यांचीच. पण दोन्ही मॅचना त्यांचा बॉल अर्ध्या पीचवरच आपटला आणि समोरच्यांनी तो ओढ्यात घातला. धाकटे दीर कप्तान आहेत. शनिवारी सकाळी ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले, उद्या पोशीरवाल्यांशी मॅच हाय, दादानं आता अंपायर व्हावं. हे हसले. पण अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

काय चुकतंय ते मला पहिल्याच मॅचला दिसलं होतं. त्याआधी कितीतरी दिवस आम्ही दोघांनी समोरासमोर भात झोडलं होतं. पेंढी डोक्यावर न्यायची, फळीवर आपटायची आणि हात तिथेच आवरायचा, नाहीतर बोटं फळीवर बसतात. बॉल टाकतानाही त्यांचा हात तसाच पोटापुढे थांबत होता.

सांगायला दुपार झाली. ते म्हशीला पेंढा टाकत होते.

“आवो, बॉल टाकताना तुमचा हात फळीवर थांबतोय.”

“कसली फळी?”

“झोडणीची. हात पार डाव्या गुडघ्यापर्यंत जाऊ द्या की.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “तू वाल निंदतेस का मला बघतेस गं?”

मी म्हशीकडे बघितलं. मग ते गोठ्याच्या भिंतीवर बॉल टाकत राहिले आणि मी उचलून देत राहिले. दिवस कलला तेव्हा हात मोकळा झाला होता.

पण कप्तानाला कोण सांगणार? हे स्वतः मागणारे नाहीत. जेवायला वाढताना माझ्याच तोंडून निघालं, “भाऊजी, उद्या पहिली ओव्हर यांना द्या. नाय जमली तर बसवा.”

दिरांचा घास हातातच राहिला. “वहिनी, तुमी सिलेक्टर कधी झालात?” ते म्हणाले. मी भाकरी आणायच्या निमित्ताने चुलीपाशी पळाले.

रविवारी ओव्हर मिळाली. पहिला बॉल बॅटवाल्याच्या पायाशी पडला. दुसऱ्याने मधली दांडी उडवली. अख्ख्या ओव्हरीत एकच रन. दीर मैदानाच्या मधोमध उभे राहिले, वालाच्या खाचराकडे वळले आणि दोन्ही हात जोडून मोठ्ठा नमस्कार केला. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी खाली मान घालून भराभर निंदायला लागले, आणि त्या घाईत गवत राहिलं बाजूला, वालाचीच चार रोपं उपटून हातात आली.