मोटर थंड होईपर्यंत

माझा जावई एका मोठ्या इस्पितळात चिलर सांभाळतो. चिलर म्हणजे तळघरातलं ते भलंमोठं धूड. ते पाणी गार करतं, ते पाणी नळांतून वर फिरतं आणि मग खोल्यांतली हवा गार होते. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. माझी पोरगी शिकलेली, चार लोकांत उठून दिसणारी, आणि नवरा काय, तर तळघरात मशीनपाशी बसणारा. पण तिनं हट्ट धरला, माझं काही चाललं नाही.

माणूस सरळ आहे हो, पण मोटरचा विषय निघाला की ऐकणाऱ्याची खैर नाही. घरात मी मिक्सर जरा जास्त फिरवला की हा आतून सांगणार, आई, तिला दम खाऊ द्या. मला कधी दम खाऊ द्या म्हणाला नाही. जेवताना तेच. तीन तारांनी वीज येते, एक जरी कमी पडली तर भार बाकीच्या दोघींवर पडतो आणि मोटर आतून तापते. ते ओळखून मोटर बंद करायला पॅनेलमध्ये रिले असतो. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. रिले सारखा पडून मोटर थांबवायला लागला की काही लोक कटकट नको म्हणून बाहेरून एक तार जोडून त्याचं तोंडच बंद करतात. अशांच्या नावानं हा बोटं मोडायचा. तसल्याच एका तारेपायी तिथल्या दुसऱ्या चिलरची मोटर जळाली होती आणि दुरुस्तीला गेली होती. म्हणून माझ्या लेकीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी अख्खं इस्पितळ एकाच चिलरवर चाललं होतं.

तिच्या पोटात मोठी गाठ होती. ऑपरेशन लांबणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जावयानं रजा काढली होती आणि तो माझ्याशेजारी बाकावर बसला होता. खाली त्याच्या जागी पैलवान होता. पैलवान म्हणजे त्याचा जोडीदार. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, म्हणून हे नाव. आमच्या घरी त्याचं सारखं येणंजाणं, आणि वहिनी म्हणून माझ्या लेकीवर भारी जीव.

भर दुपारी जावयाचा फोन वाजला. दोन शब्द ऐकले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी विचारेपर्यंत तो जिना उतरत होता. मीही पदर खोचून मागे धावले.

तळघरात शुकशुकाट होता. मशीन बंद. पैलवान घामानं निथळत उभा होता. मोटर आतून इतकी तापली होती की तिच्या आत बसवलेल्या उष्णतेच्या रिलेनं तिला थांबवलं होतं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणाणला. ऑपरेशनच्या खोलीतून विचारत होते, किती वेळ लागेल? पेशंटचं पोट उघडं आहे, अर्ध्यावर थांबता येत नाही, आणि आत उकडायला लागलंय. उघड्या जखमेवर घामाचा एक थेंबसुद्धा पडून चालत नाही.

जावयानं फोन ठेवला आणि खोक्यातून तारेचा एक तुकडा उचलला. तार लावणाऱ्यांना शिव्या देणारा हा माणूस! मला तेव्हा तत्त्वं वगैरे काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, "लावा. मोटर गेली खड्ड्यात, माझी पोर आहे वर."

त्यानं पॅनेल उघडलं आणि तो तिथेच थबकला. आत, विजेच्या तीन तारांवर नजर ठेवणाऱ्या रिलेवर, आधीच एक तार जोडलेली होती. कोरी करकरीत.

पैलवान खाली बसला. दोन दिवस रिले अधूनमधून पडत होता, आज वहिनींचं ऑपरेशन, मध्येच मशीन थांबलं तर काय, म्हणून सकाळी आल्या आल्या त्यानंच ती लावली होती. विजेच्या तीन तारांतली एक अशक्त झाली, तोंड बांधलेल्या रिलेला बोलताच आलं नाही, आणि मोटर तशीच तापत राहिली. मेल्या, म्हणून मी हात उगारला. जावयानं माझं मनगट धरलं.

"आई, आता मीही तार लावली तर मोटर जळेल. मग आज कुणी काहीच करू शकणार नाही."

त्यानं आपला तुकडा फेकून दिला आणि पैलवानाची तार उपटून काढली. तापलेल्या मोटरला थंड होऊ देण्यावाचून इलाज नसतो. पण टाकीत अजून गार पाणी होतं आणि ते फिरवणारा पंप वेगळा होता. सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व बंद कर, फक्त ऑपरेशनच्या खोलीचा चालू ठेव, असं त्यानं पैलवानाला सांगितलं. तो पळाला. जावयानं चिलरचा मेन स्विच पाडला आणि जोड तपासायला लागला. एक जोड सैल होऊन काळा पडला होता. तो कापून नवा बसवायला घेतला.

थोड्या वेळात वरच्या पेशंटांचे नातेवाईक तणतणत खाली आले. मी दार अडवून उभी राहिले. एक धिप्पाड गृहस्थ म्हणाले, आमचे वडील उकडून निघाले. मी म्हटलं, मग वारा घाला, हात मोडलेत का? ते आल्या पावली परत गेले. तोंडानं मी भांडत होते, पण नजर सारखी मागे वळत होती. पाण्याच्या नळीवरचा उष्णतेचा काटा हळूहळू वर चढत होता. फोन पुन्हा वाजला. नर्स डॉक्टरांचं कपाळ सारखं पुसतेय म्हणे.

जावई मोटरच्या अंगावर तळवा ठेवून बसला होता. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग त्यानं मीटर लावून आतली वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, शाबूत असल्याची खात्री केली, रिले पूर्ववत केला आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, अडखळलं आणि लागलं. मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले.

गाठ निघाली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे कपडे पिळून काढण्यासारखे झाले होते, पण सगळं नीट झालं म्हणाले.

संध्याकाळी लेक शुद्धीवर आली. पैलवान वर फिरकला नव्हता. तो समोर आला की त्याला काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, एकही शब्द सौम्य नव्हता. लेकीनं डोळे उघडून आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटली, "पैलवान कुठेत? सकाळी भेटायला आले होते. म्हणाले, वहिनी, आज मी मशीन थांबू देणार नाही. मला फार भीती वाटत होती, आई. ते ऐकलं आणि मग मी निर्धास्त झोपले."

जावयानं माझ्याकडे बघितलं.

"खाली आहे," तो म्हणाला, "घेऊन येतो." आणि तो जिन्याकडे गेला. पलंगाजवळच्या स्टुलावर माझी पिशवी होती. ती मी उचलून खाली ठेवली, पैलवानाला बसायला जागा करून दिली.