जोडीनं घातलेला हार

कळंबच्या आमच्या टीव्ही चॅनेलची मला आजही किळस येते. मी स्वतः काही वर्षं तिथं बातम्या वाचल्या, त्यामुळं जरा जास्तच येते.

सुरुवात तशी बरी होती. बाजारपेठेत एका आडत दुकानाच्या माडीवर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांनी व्हीसीआर आणला, गच्चीगच्चीवरून वायर ओढली आणि गावाला सिनेमे दाखवायला सुरुवात केली. ऐन मारामारीत सिनेमा थांबवून ते सांगायचे की अमक्या गल्लीत एक शेळी सापडली आहे, ज्याची असेल त्यानं घेऊन जावी. बाजाराच्या दिवशी तुरीचे आणि सोयाबीनचे भाव, रमजानमध्ये इफ्तारची वेळ, एकादशीला भजन. कुणी वारलं तर माती किती वाजता आहे तेही सांगायचे. कार्यक्रम म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं, पण सगळं कामाचं होतं.

चाचा थकले, त्यांची मुलं पुण्याला गेली आणि चॅनेल एका पुढाऱ्याच्या मेहुण्यानं घेतलं. त्याला आम्ही सगळे मालक म्हणायचो. मालकानं स्टुडिओ केला, म्हणजे त्याच माडीच्या भिंतीवर जगाच्या नकाशाचं निळं फ्लेक्स ठोकलं. सकाळी शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी जगाचा नकाशा पाठीशी घेऊन तुंबलेल्या नाल्यांच्या बातम्या वाचायच्या, असं माझं चाललं होतं. पुढं नाल्यांचं कंत्राट मालकाच्या घरातच आलं आणि नाल्या बातम्यांतून गायब झाल्या. गावात होत्या तशाच तुंबलेल्या होत्या.

मग दाखवायला राहिलं काय? सकाळी देवाची गाणी, त्यांच्या खाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. दुपारी कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग. त्यात नवरा-नवरी थोडा वेळ आणि पंगती फार. लोक तोंडात घास कोंबताहेत आणि कॅमेरा त्यांच्या जबड्यावर स्थिर. संध्याकाळी बातम्या, म्हणजे मालकाच्या त्या पुढारी साहेबांनी आज कुठं नारळ फोडला. आणि उरलेल्या वेळात वाढदिवस. ज्याला मिशी नीट फुटली नाही तोही गॉगल घालून, हात जोडून, सोनेरी चौकटीत उभा, खाली ‘भावी नगरसेवक’. आमच्या गावात सध्याचं कुणीच नाही, सगळे भावीच.

या शुभेच्छा आणि श्रद्धांजल्या करायची एक पद्धत होती. ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर डिझाइनं तयार असायची. वाढदिवसाला सोनेरी चौकट, वारलेल्याला हाराची चौकट. मध्ये फोटो टाकायचा, नाव टाइप करायचं, झालं. ऑपरेटर बायकापोरांचा, पापभिरू माणूस होता. त्याच्या हाताला वेग होता, नजर मात्र फारशी नव्हती.

माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. त्यांनी आयुष्यात एकट्यानं फोटो काढून घेतला नव्हता. माझ्या लग्नात आईशेजारी खुर्चीवर बसलेले, तेवढाच एक धड फोटो. तोच मी ऑपरेटरला दिला आणि सांगितलं, ‘यातले वडील तेवढे घ्या.’

‘व्हय ताई,’ तो म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवणं उरकली होती आणि सगळे टीव्हीपुढं बसले होते, वडील दिसतील म्हणून. दिसले. शेजारी आईही दिसली. दोघांभोवती मिळून एकच झेंडूचा हार, खाली तेवणारी समई. आणि ऑपरेटरनं फोटोत माणसं दोन आहेत हे बघून, आपल्या परीनं चूक राहू नये म्हणून, मजकूरही सुधारला होता. ‘उभयतांस भावपूर्ण श्रद्धांजली.’

आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

माझी एक चुलती खुदकन हसली आणि म्हणाली, ‘अगं, चांगलं झालं की! असं झालं म्हंजी आयुष्य वाढतं.’ सगळ्यांना हसायला वाट मिळाली. मी ऑपरेटरला फोन लावला. तो म्हणाला, मालकाला विचारल्याशिवाय काढता येत नाही आणि मालक साहेबांबरोबर उमरग्याला गेलेत, फोन लागत नाही. दिवस मावळेपर्यंत माझी आई दर थोड्या वेळानं पडद्यावर मरत राहिली.

पाहुणे गेल्यावर मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही, चिडली होती.

आईची पिठाची गिरणी आहे. वडील होते तेव्हा दोघं मिळून चालवायचे. लग्नसराईत आमच्या ओट्यावर लग्नघरच्या दळणाचे डबे रांगेनं असायचे. आईच्या हातचं पीठ बारीक येतं म्हणून लांबच्या गल्लीतल्या बायकाही यायच्या. वडील गेले आणि लग्नघरचं दळण यायचं थांबलं. गिरणी तीच, जातं तेच, पण शुभकार्याच्या पिठाला विधवेचा हात नको. तोंडावर कुणी असं म्हणत नाही. ‘मावशी, आता तुम्हाला तरास कशाला?’ म्हणतात आणि डबा घेऊन पुढच्या गल्लीत जातात. रोजच्या भाकरीचं दळण मात्र आणतात. या गोडबोलेपणाची मला चॅनेलपेक्षा जास्त शिसारी येते.

‘गल्लीनं वर्षाखालीच घातलाय मला हार,’ आई म्हणाली. ‘टीव्हीवाल्यानं नुसता दाखवला. लई झालं आता. त्यांनीच सांगायचं, आमची चूक झाली, ही बाई जित्ती हाय, हिची गिरणी चालू हाय. बातम्यांत सांगायचं. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे.’

तेवढं एक वाक्य तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकापुढं उभी राहिले. तो तोंडात मावा धरून, मान वर करून बोलायचा, म्हणजे सांडू नये.

‘मॅडम, बातम्यांत चूक कबूल करायची न्हाय. एकदा केली की उद्या लोक प्रत्येक बातमीला येत्याल, हेबी चुकीचं हाय का म्हणून.’

मी म्हणाले, ‘जिवंत बाईला मारलंय तुम्ही.’

‘आयुष्य वाढलं त्यांचं. बरं, असं करू, वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकू त्यांना. दिवसभर. लोकांना आपोआप कळंल की बाई हायेत.’

‘तिचा वाढदिवस नाही आता.’

‘तुमच्या आईचा वाढदिवस कुणाला म्हाईत हाय?’ असं म्हणून तो स्वतःच हसला आणि ऑपरेटरला हाक मारली.

मला तेही पटलं नव्हतं, पण निदान हाराविना आई दिसेल, एवढ्यासाठी मी ऑपरेटरशेजारी जाऊन बसले. त्यानं आईचा फोटो वेगळा कापला. त्या दिवशी अगदी नीट कापला. मग बायकांच्या वाढदिवसाचं डिझाइन उघडलं आणि त्याचा हात थांबला.

चौकटीच्या एका कोपऱ्यात हळदी-कुंकवाचा करंडा होता, दुसऱ्या कोपऱ्यात हिरव्या बांगड्या. नावाच्या आधी ‘सौ.’ कायमचं छापलेलं.

‘ताई, हे कसं लावू? बाई तर...’ त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

‘दुसरं लावा.’

त्यानं दुसरं उघडलं, त्यात मंगळसूत्र होतं. तिसरं उघडलं, ते कॉलेजातल्या मुलींचं, गुलाबी फुगे असलेलं. पुरुषांची डिझाइनं ढीगभर होती. वाघाचं, घोड्याचं, तलवारीचं. बायको वारलेल्या माणसाला त्यातलं कुठलंही चालत होतं. ऑपरेटर शोधत राहिला आणि शेवटी खरोखर ओशाळून म्हणाला, ‘विधवा बाईला आपल्याकडं डिझाइन न्हाय, ताई. कधी कुणी मागितलंच न्हाय. ह्या वयाच्या बाया एकदम हारातच येत्यात.’

मागून मालकानं ऐकलं होतं. खिडकीतून पिंक टाकून तो म्हणाला, ‘मग ऱ्हाऊ द्या की. तसंबी आता त्यांचं कोण काय करतंय?’

मी त्या माडीवरून उतरले ती पुन्हा चढले नाही. बातम्या वाचायला मालकाच्या भाचीला बसवलं, आणि लोकांना फरक कळला नाही. चॅनेल अजून चालू आहे. आता मोबाइलवरही दिसतं. भावी लोक अजून भावीच आहेत.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ती छिन्नी-हातोडीनं जात्याला टाकी लावत होती. तिनं ऐकून घेतलं, हात झटकले आणि चॅनेलच्या केबलवाल्याला बोलावणं धाडलं.

तो आला. शिडी लावली, वर चढला आणि वायर कापण्याआधी रीत म्हणून विचारलं, ‘का तोडायची, मावशी? चित्र दिसंना का?’

‘चित्र लई चांगलं दिसतंय,’ आई म्हणाली. ‘पर बघणारी बाई वारली. तुमीच न्हाय का दाखवलं?’

तो शिडीवरून माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, ‘कापा.’