पाय पाण्यात, काटा वर

बोलता बोलता काका शर्टाचा खिसा दाबून बघत. आत अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं काट्याचं यंत्र. भाच्याने डोंगर चढायला घेतलेलं, यांनी मागून घेतलेलं. खिशाला बटण आणि बटणावर हात. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, देवळाबाहेर चपला काढताना सगळ्यांचे चेहरे न्याहाळणारा.

मी पेडण्यात घरांचे नकाशे काढतो. हे काका गिऱ्हाईक म्हणून आले. त्यांना घरावर एक मजला हवा होता, मुलीसाठी. नवऱ्याला सोडून ती डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहत होती. "भावजयीच्या घरांत ती येवची ना. तिका वेगळो जिनो जाय," काका म्हणत. खाली मुलगा-सून राहत, म्हणून तिला वेगळा जिना हवा.

आमच्याकडे विमानतळ झाल्यापासून घराचा माथा समुद्रापासून किती वर जातो ते बघून परवानगी देतात. ती मिळालीसुद्धा. पण काका काम सुरू करीनात.

"तुज्या मोजणीवाल्यान घर सकयल दाखयलां. माज्या काट्यार तें वीस-पंचवीस मीटर वयर आसा. आज हय म्हणतले, फाल्यां मजलो पाडतले. मागीर चेडवान खंय वचचें?"

मोजणीत घर खाली दाखवलंय, उद्या मजला पाडला तर मुलीने जायचं कुठे, ही त्यांची धास्ती. मी समजावलं. हे यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं. दुपारी दाब उतरला की काटा जागच्या जागी चढतो. म्हणून तर वैमानिक उतरण्याआधी तिथला दाब विचारून काटा जुळवून घेतात.

"कोणाक विचारतात?"

"खालच्या माणसाला."

"आनी तो फट सांगता जाल्यार?"

खालचा माणूसच खोटं सांगत असेल तर, म्हणे! मोजणीवाला माझा साडू आहे, असाही शोध त्यांनी लावला होता. मला साडूच नाही.

शेवटी म्हटलं, तुम्ही मोजता कसं ते दाखवा. सकाळी आम्ही केरीला समुद्रावर गेलो. पाण्याच्या कडेला उभं राहून त्यांनी काटा शून्यावर आणला, मला पाठ फिरवायला लावली आणि खिशाचं बटण लावलं. मग निघालो ते थेट तिथल्याच त्यांच्या बहिणीकडे. माशाचं हुमण नि भात झाला, आडवं होणं झालं. उन्हं कलल्यावर उठून म्हणाले, "चल आतां, घरा वचून बघुया."

दर वेळी असंच चालायचं म्हणे. बहीण जेवल्याशिवाय सोडत नसे.

मी गाडी पुन्हा किनाऱ्याकडे वळवली.

"खंय व्हरता माका?" काका सावध झाले.

पाण्यात नेऊन उभं केलं आणि म्हटलं, "आता बघा."

त्यांनी बटण काढलं. पाय पाण्यात आणि काटा पंचवीसवर! यंत्र हलवलं, काचेवर टिचकी मारली. मग माझ्याकडे रोखून बघितलं. पण दिवसभर त्यांच्याशिवाय कोणी त्याला शिवलंच नव्हतं. संशय घ्यायला माणूस उरला नाही.

"म्हणजे मजलो पाडचे नात?"

"नाही, काका."

"आनी हांवें तिका फुकट रावयलें." मुलीला उगाच ताटकळत ठेवलं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. इतके दिवस चिडलेला मी, मलाही भरून आलं.

काम लगेच निघालं. वरच्या खोलीला रंग लागला आणि त्याच आठवड्यात काका झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी सामान घेऊन आली. जिना चढून बघते तर दाराला कुलूप. भावाने घरभर किल्ली शोधली. "बाबान आमकां दाखयलीय ना," तो कानकोंडा होऊन म्हणाला. घरात कोणाला ती दाखवलीसुद्धा नव्हती.

मी पुढे होऊन किल्ली तिच्या हातावर ठेवली. काकांनी ती माझ्याकडे ठेवायला दिली होती.