एका अंकाची जागा

अख्ख्या खानदेशात कागदाला माणूस मानणारा एकच इसम आहे, आणि तो आमच्या जळगावच्या कॉलेजात नियतकालिकांची कपाटं लावतो. आम्ही प्राध्यापक मंडळी त्यांना नाना म्हणतो. अंक वर्षवारीने लावावेत हा जगाचा नियम. नानांना तो अपुरा वाटतो. समीक्षेची दोन मासिकं त्यांनी मुद्दाम दोन टोकांना ठेवलीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "शेजारी ठेवली की भांडतात, सर. पानं दुमडलेली सापडतात सकाळी." जोडअंक आला की शिपायाला पेढे आणायला पिटाळतात, जुळं झालं म्हणून! आणि एखादा अंक हरवला, तर त्या फटीत चक्क रुमाल टाकतात, एस.टी.च्या खिडकीतून टाकतात तसा. एकदा मी तिथे माझं पुस्तक टेकवलं, तर धावत आले. "उचला, उचला! येणारा येईल तेव्हा उभा राहील का?"

असा सर्वांत जुना रुमाल होता केळीवरच्या रोगांच्या एका त्रैमासिकात. वर्षानुवर्षांचे अंक ओळीने हजर, एकच गैरहजर. तेवढ्यात नव्या प्राचार्यांनी फर्मान काढलं: पूर्ण संच बांधणीला, अपुरे रद्दीला. नानांचं जेवणच सुटलं. "भाऊ," ते मला म्हणाले, एरवीचं 'सर' विसरून, "एक अंक गया म्हणजे बठ्ठा संच गया!"

नेमका तो अंक धुळ्याच्या एका कॉलेजात निघाला. शनिवारी माझ्या गाडीतून निघालो. पारोळा हे नानांचं गाव, पण तिथेही त्यांनी चहाला थांबू दिलं नाही. धुळ्याच्या ग्रंथालयात कपाट सांभाळणाऱ्या एक अक्का बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्या त्रैमासिकाचे जेमतेम दहा-बारा अंक, पण रुबाब आमच्या प्राचार्यांच्या वर.

"नाना, मना अंक आठेच राही," त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. म्हणजे अंक इथून हलणार नव्हता.

मी आपलं सुचवलं, झेरॉक्स काढू. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. "सर," अक्का म्हणाल्या, "लग्नात नवरदेवाऐवजी त्याचा फोटो उभा करता का तुम्ही?" नानांनी मान डोलावली. माझ्याच बाजूने आलेला माणूस!

मग नानांनी अक्कांचे ते दहा-बारा अंक एकदा सरळ करून ठेवले. शेवटी विचारलं, "अक्का, तुमच्याकडे संच पूर्ण झाला तर बांधणीला जाईल?"

"जाईल ना."

"मग आमचे घ्या."

रद्दी परस्पर जातेय म्हटल्यावर प्राचार्यांनी एका दमात सही केली. पुढच्या शनिवारी आम्ही डिकी भरून अंक धुळ्याला नेले. अक्कांनी कपाट पुसून ठेवलं होतं. नानांनी स्वतःच्या हाताने सगळे लावले, मग पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवत गेले. बोट कुठेही अडलं नाही.

मला वाटलं, आता डोळे पुसणार. पण नानांनी नोंदवहीत बाहेरचा वाचक म्हणून सही केली, खुर्ची ओढली आणि पहिला अंक मागितला. इतकी वर्षं सांभाळलेल्या त्या त्रैमासिकातला एक लेखही त्यांनी वाचला नव्हता. वेळच कुठे होता! अक्कांनी अंक दोन्ही हातांनी आणून दिला. नानांनी चष्मा लावला आणि केळीच्या मुळांपासून सुरुवात केली. मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि अक्कांना म्हटलं, "चहा सांगा, वेळ लागेल."