गिरणीवाल्याची भाकरी

शुक्रवार पेठेत शिवशरण हत्तुरेची पिठाची गिरणी होती. वडिलांनी घातलेली. एकच दगडी चक्की, वर पत्रा, आणि दारात डब्यांची रांग. शिवशरण त्या पिठातच लहानाचा मोठा झाला. भुवया, कानाच्या पाळ्या, गळ्यातलं लिंगाचं वस्त्र, सगळं कायम पांढरं. आंघोळ केली तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तसाच.

डबा ठेवताना बायका एकच गोष्ट बजावायच्या. "मामा, ज्वारीवर ज्वारी टाका हं. गव्हावर टाकलं की भाकरीला चव येत न्हाय."

शिवशरण हसायचा. "जरा मिसळतंच की वो. पोटात गेल्यावर समदं एकच."

चाळिशी उलटली आणि त्याचं पोट बिघडलं. आधी वाटलं, जत्रेत काहीतरी खाल्लं असेल. मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की धावायचं. शरीर उतरत गेलं, रक्त कमी झालं, हाडं दुखायला लागली. पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा माणूस पाच किलोचा डबा उचलून खाली बसायला लागला. एका डॉक्टरनं जंत सांगितले, दुसऱ्यानं आमांश. तिसऱ्यानं टीबी म्हणून कित्येक महिने गोळ्या चारल्या. गल्लीत कुजबुज सुरू झाली. एक शेजारीण दानेश्वरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, नळावर हळूच म्हणाली, "वहिनी, दुसरी पण तपासणी करून घ्या त्यांची, त्या घाणेरड्या रोगाची. राग मानू नका." दानेश्वरी भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आली.

शेवटी सात रस्त्याजवळच्या एका पोटाच्या डॉक्टरनं तोंडातून नळी घालून आतडं बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि दोघांना समोर बसवलं.

"सीलिअ‍ॅक म्हणतात याला. गव्हात ग्लुटेन असतं, ते तुमच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. आयुष्यभर."

"गोळी न्हाय का त्याच्यावर?"

"नाही. गहू न खाणं हेच औषध. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी खा."

दानेश्वरीनं केवढा तरी श्वास सोडला. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच व्हय? आपण भाकरी खाणारी माणसं. चपाती नसली म्हणून काय मरतंय का कोण?" त्या दिवशी कित्येक महिन्यांनी दोघं रिक्षा न करता गप्पा मारत चालत घरी आले.

घरातून गहू गेला. सकाळचा टोस्ट गेला, शिरा गेला, उपीट गेलं. दानेश्वरी कडक भाकरी करायची, शेंगाची चटणी, भात, आमटी. शिवशरणनं एक घास इकडचा तिकडं केला नाही. पण पोट काही थांबलं नाही. वजन वाढायचं सोडून आणखी घटलं. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरनं कागदावरून नजर वर केली.

"चोरून खाताय तुम्ही."

"न्हाय वो साहेब."

"मग हे आकडे खोटं बोलतात का?"

शिवशरणनं कागदाची घडी करून खिशात घातली. घरी आल्यावर ताटावर बसला तर दानेश्वरी समोर उभी राहिली. "खरं सांगा. हॉटेलात कायतरी खायलाय का? मी कुणाला सांगत न्हाय."

त्यानं गळ्यातलं लिंग हातात घेऊन शपथ घेतली. मग तीच रडायला लागली. त्याला मात्र रडूही येईना. इतक्या वर्षांच्या बायकोला आपण खरंच नुसती भाकरी खातो हे पटवावं लागतंय, याचंच त्याला जास्त लागलं.

आठवड्याभरानं एक बाई डबा ठेवून नेहमीचं म्हणाली, ज्वारीवर ज्वारी टाका. शिवशरणनं मान हलवली, डबा रांगेत सरकवला आणि त्याचा हात तिथंच राहिला. त्याच्या घरची ज्वारी तो रोज सगळ्यात शेवटी दळायचा. गिऱ्हाइकांचं आधी, आपलं मागनं, ही वडिलांची शिकवण. म्हणजे दिवसभर गहू दळलेल्या दगडावर. त्या दगडाच्या खाचांत किती पीठ अडकून राहतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं चक्कीचा पट्टा बंद केला. रांगेतल्या बायका ओरडत राहिल्या.

त्यानं डॉक्टरला फोन लावला. "साहेब, एवढंसं मिसळलं तर पण चालत न्हाय का?"

"चिमूटभरही नाही. का?"

"मी गिरणीवाला हाय."

मग डॉक्टर म्हणाला, "अहो, मग नुसतं भाकरीतून नाही, ती उडणारी भुकटीही नाकातोंडातून पोटात जातेय. हे आधी सांगायचं नाही का?"

त्यानंतर घरात कशाचाच भरवसा राहिला नाही. दानेश्वरीनं माहेरहून गहू न लागलेलं कोरं जातं आणलं आणि दुखऱ्या खांद्यानं रोज पहाटे ज्वारी दळायला लागली. नवा तवा, नवी परात. आणि मग एक दिवस कळलं की हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ घालतात. इतके महिने रोजच्या आमटीत ती आपल्या हातानं ते टाकत होती. मग शेव बाद, कारण ती ज्या तेलात तळतात त्यातच शंकरपाळ्या तळलेल्या. हॉटेलातली इडलीही गेली, तिच्यात रवा असेल तर सांगणार कोण? शिवशरण किराणा दुकानात चष्मा कपाळावर चढवून पाकिटामागची बारीक अक्षरं डोळ्याजवळ धरायचा. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मामा, घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?"

गिरणीवर त्यानं पाटी लावली: गहू दळून मिळणार नाही. चक्की उघडून धुतली, पत्रा झाडला, आढ्यावरचं थरांनी साठलेलं पीठ ओल्या फडक्यानं पुसून काढलं. पण घरोघरी चपाती लागतेच. गहू एकीकडं आणि ज्वारी दुसरीकडं न्यायला कोण येणार? डबे कमी होत गेले. काहींनी घरघंटी घेतली, काही मागच्या बोळात जायला लागल्या. दिवाळीच्या भाजणीलाही कुणी आलं नाही, तेव्हा त्यानं चक्की कुमठा नाक्याच्या एकाला देऊन टाकली. दगड टेम्पोत चढवताना तो घरात जाऊन बसला.

त्याची थोरली बहीण चन्नम्मा अक्कलकोटजवळच्या खेड्यात राहायची. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्याला वाढवलं होतं. फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तम्मा, ऊटा आयता?" कानडीत, भाऊ, जेवलास का, एवढंच. दर वर्षी सुगी झाली की ती त्याला हुग्गी खायला बोलवायची, गूळ घातलेली गव्हाची खीर. यंदा तो नको म्हणाला.

"अरे, हुग्गी न्हाय करत. तांदळाची खीर करते. ज्वारी धुऊन, वाळवून, हातानं दळते. तू ये तर."

तो गेला. ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, खीर. पहिला घास उचलला आणि आमटीचा वास आला.

"अक्का, हिंग घातलास का?"

"घातला की चिमूटभर. का? हिंगात काय गहू असतोय व्हय?"

ती डबी घेऊन आली. बाजारातला सुटा हिंग. कशाचा, कुणाला ठाऊक. शिवशरणची नजर चुलीकडं गेली. तिथं लाकडी काठवट टेकवून ठेवली होती, जिच्यात गेली चाळीस वर्षं कणीक मळली जात होती. भाकरी त्याच काठवटीत थापलेली.

चन्नम्मानं त्याची नजर ओळखली. "घासून घेतली हाय मी. राखेनं." मग तिचा आवाज बदलला. "तुला माझ्या हातानं भरवून मोठं केलं, तम्मा. आता माझ्याच हाताचं विष वाटायलंय का?"

शिवशरणनं मान खाली घातली आणि ताट स्वच्छ केलं. आमटीसुद्धा मागून घेतली.

तो कित्येक दिवस अंथरुणावर होता. सलाईन लावावं लागलं. दानेश्वरीनं रागाच्या भरात नणंदेला फोन केला. "तुमच्याकडनं जेवून आले आणि आडवे पडलेत. ऐकायलाय ना?" चन्नम्मानं फोन ठेवून दिला.

बरा झाल्यावर शिवशरणनं स्वतः फोन केला. ती पावसाचं बोलली, म्हशीचं बोलली, नातवाच्या शाळेचं बोलली. जेवलास का, हे विचारलं नाही. पुढच्या वेळीही नाही. तिनं त्याला परत कधी जेवायला बोलावलं नाही, आणि यालाही येतो म्हणायला सुचलं नाही.

आता तो एका चादरीच्या दुकानात बसतो. वजन थोडं वाढलंय, रक्त सुधारलंय. डॉक्टर कागद बघून "छान" म्हणतो. लग्नाकार्याला तो जेवणाच्या वेळी निघून येतो. आग्रह करणाऱ्यांना समजावून सांगायचा कंटाळा आला, म्हणून पथ्य आहे म्हणतो. लोकांना वाटतं, गडी माजला.

दानेश्वरी कधी कधी शेजारी जाऊन एक चपाती खाऊन येते. उभ्यानंच. मग नळावर कोपरापर्यंत हात धुते, चूळ भरते, पदर झटकते आणि मगच घरात येते. त्याला हे ठाऊक होतं. एकदा तो म्हणाला, "घरीच करून खात जा की. मी बाहेर बसतो तोवर."

"नगं," ती म्हणाली. "पीठ उडतंय."

तिनं त्याचं ताट वाढलं आणि आपण नुसतीच समोर बसली. त्यानं दोन घास खाल्ले, तिसरा मोडला, तिच्यापुढच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि तो ताटातच ठेवला.

"पोट दुखायलंय का?" तिनं घाबरून विचारलं.

"न्हाय," शिवशरण म्हणाला. "पोट बरं हाय आता."